नदीकाठच्या जागा

आमच्या घरात सगळ्यात कमी आवाज शालूआत्याचा होता. डहाणू रोड स्टेशनामागच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये आम्ही राहायचो आणि मालगाडी गेली की मांडणीवरची ताटं आधी थरथरायची, मग खिडकीची काच, आणि सगळ्यात शेवटी बाबांचा चहाचा कप बशीत किणकिणायचा. त्या सगळ्या गोंगाटात आई मोठ्याने बोलायची, बाबा तिच्याहून मोठ्याने बोलायचे, आणि आत्या गाडी जाईपर्यंत थांबायची. गाडी गेल्यावर तिला काय सांगायचं होतं ते बहुतेक वेळा कुणी विचारायचं नाही. ती बाबांची धाकटी बहीण. लग्न झालेलं नव्हतं. तलासरीला एका सरकारी कार्यालयात कारकून होती, सकाळच्या एसटीने जायची आणि दिवेलागणीला परत यायची. येताना कधी चिकू, कधी ताडगोळे, कधी नुसती ओली छत्री. तिचं अंथरूण बाहेरच्या खोलीत, टीव्हीसमोर, म्हणजे सगळ्यांचा टीव्ही बघून झाल्याशिवाय तिला पडता यायचं नाही. याबद्दल तिने कधी कुरकूर केलेली मला आठवत नाही. आता मी तिच्या त्या वेळच्या वयाची झाले आहे आणि मला दुपारी पाच मिनिटं पाठ टेकायला मिळाली नाही तर मी घर डोक्यावर घेते.

मी तेव्हा बारावीला होते. माझ्या दोन मित्रांची नावं सांगायला हवीत. सुरेखा कैनाडची, तिच्या घरी भातशेती, रोज बसने कॉलेजात यायची आणि डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी आणायची. हितेशच्या वडिलांचा अच्छाडला हायवेवर ढाबा होता. तो घरी गुजराती बोलायचा, आमच्याशी मराठी आणि ट्रकवाल्यांशी हिंदी, आणि रागावला की तिन्ही एकदम. मोबाइलवरचा तो खेळ त्यानेच आम्हाला दाखवला. त्याचं नाव लिहीत नाही, तो आता बंद झाला आहे. एक मोठा नकाशा, त्यात प्रत्येकाला एक छोटं गाव मिळतं. शेत लावायचं, लाकूड तोडायचं, तट बांधायचा, शिपाई उभे करायचे. नकाशावर हजारो माणसं, कुठली कुठली, आणि सगळी खरी. पहिले काही दिवस नव्या गावाला कवच असतं, कुणी हात लावू शकत नाही. मला ते दिवस फार आवडले. अभ्यासाच्या पुस्तकाखाली मोबाइल ठेवून मी माझी शेतं हिरवी होताना बघायचे. गावाचं नाव मी ठेवलं होतं काळी मांजर.

कवच संपलं त्या दिवशी सकाळी माझं कोठार रिकामं होतं आणि एक निरोप आला होता. 'आपण सरकार यांच्या हद्दीत आहात. दर आठवड्याला अर्धं धान्य पाठवावे. पाठवल्यास त्रास होणार नाही.' एवढंच. सुरेखाला आणि हितेशलाही अक्षर न अक्षर तोच निरोप आला होता. हितेशने चौकशी करून सगळं समजावून सांगितलं. नकाशाच्या मधोमध एक नदी होती आणि नदीकाठच्या जमिनीत दुप्पट पिकायचं. ती सगळी जमीन पाच जुन्या खेळाडूंकडे होती. खेळ सुरू झाला तेव्हा ते पहिले आले होते, त्यांनी ती जागा धरली, आणि तेव्हापासून त्यांच्याकडे जास्त पिकतं म्हणून जास्त फौज, आणि जास्त फौज म्हणून नवीन कुणाला काठाला येऊ द्यायचं नाही. त्यांतला एक सरकार. दुसरा समशेर, सरकारचा कट्टर वैरी, त्यांच्या लढायांच्या गोष्टी सगळीकडे चालायच्या. उरलेले तीन कधी इकडे, कधी तिकडे.

"मग आपण कितीही खेळलो तरी त्यांच्याएवढे होणारच नाही?" सुरेखाने विचारलं.

"होऊ ना," हितेश म्हणाला. "ते थांबले तर."

सुरेखाने डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, "आपण उशिरा आलो. पण आपल्याला आधी कुणी बोलावलंच नव्हतं." तो नुसता खेळ होता, तरी मला ते लागलं, आणि का ते कळत नव्हतं.

तिमाही परीक्षा जवळ आली तेव्हाची ही गोष्ट. दुपारची वेळ, रविवार. आई आणि आत्या स्वयंपाकघरात खाली बसून मोड आलेले वाल सोलत होत्या. मी दारातल्या खुर्चीवर पुस्तक घेऊन बसले होते. आठवड्याचं धान्य पाठवायचं राहिलं होतं, म्हणून मी सरकारला निरोप लिहिला: 'परीक्षा आहे, या आठवड्यात सूट मिळावी.' पाठवलं, आणि फ्रिजवर स्टीलच्या ताटलीत ठेवलेला आत्याचा मोबाइल भुणभुणला. मी काही मनावर घेतलं नाही. मग आणखी एक ओळ लिहिली: 'कृपया.' ताटलीत पुन्हा भुणभुण. मी नुसता एक ठिपका पाठवला. ताटली वाजली.

आत्याने पदराला हात पुसले, उठली, मोबाइल घेतला, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि एका बोटाने सावकाश काहीतरी टाइप केलं. माझ्या हातातला फोन थरथरला. 'परीक्षेचे कारण चालणार नाही. उद्यापर्यंत पाठवावे. सरकार.'

मोबाइल परत ताटलीत ठेवून ती वालांपाशी बसली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "वृंदा, परीक्षा आली ना गं? आल्याचा चहा टाकू का तुला?"

मी हो म्हणाले. तिने चहा केला, गाळला, माझ्या हातात आणून दिला, वर डोक्यावरून हात फिरवला. मी चहा प्यायले आणि दुसऱ्या दिवशी धान्य पाठवलं.

त्यानंतर कितीतरी दिवस मी तिच्याकडे चोरून बघत होते. जेवायला ती सगळ्यांच्या शेवटी बसायची. बाबा म्हणायचे, "शालू, पंखा कमी कर," आणि ती हातातला घास खाली ठेवून उठायची. मग तिचा मोबाइल भुणभुणायचा, ती हळूच बघायची, आणि मला ठाऊक असायचं की कुठल्या तरी दूरच्या गावातला माणूस या क्षणी तिच्यापुढे हात जोडतो आहे. तिच्या चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही. मला कधी वाटायचं, आपल्यालाच भास झाला. कधी तिचा फार राग यायचा, आणि राग आला की लगेच तिने केलेला चहा आठवायचा. हे कुणाला सांगावं तर कसं सांगावं, हेही मला सुचत नव्हतं.

त्याच सुमारास घरात एक प्रसंग झाला. आत्याने जेवताना विषय काढला, मालगाडी गेल्यावर, की तलासरीला कार्यालयाजवळ एक खोली भाड्याने मिळते आहे, जाण्यायेण्याचा त्रास वाचेल.

"एकटी राहणार?" बाबांनी विचारलं.

"आठवड्याचे दिवस फक्त, दादा. शनिवारी येईन ना इकडे."

"काही नको. इथे काय कमी आहे तुला?"

आई म्हणाली, "आणि लोक आम्हालाच विचारतील, घरात भांडण झालं का म्हणून."

आत्या म्हणाली, "बरं." आणि आमटी वाढायला उठली. विषय संपला. मी ताटात बघत बसले. एवढ्या गावांवर हुकूम चालवणाऱ्या बाईला एक खोली मिळू शकत नव्हती, आणि ती बाई आम्हाला नदीकाठची एक वीतभर जागा देत नव्हती. या दोन गोष्टी माझ्या डोक्यात शेजारी शेजारी बसायच्या आणि एकमेकींशी काही केल्या बोलायच्या नाहीत. आजही नीट बोलत नाहीत.

दिवाळीनंतर हितेशने बेत मांडला. काठापासून दूर असलेल्या सगळ्या लहान गावांनी मिळून एकाच वेळी सरकारच्या मोठ्या कोठारावर चालून जायचं. धान्य हाती आलं की प्रत्येकाला फौज उभी करता येईल, मग पुढचं पुढे. सुरेखाने घरोघरी फिरावं तसं नकाशावर फिरून माणसं गोळा केली. इतक्या धीराने ती सगळ्यांशी बोलायची की मला तिचा अभिमान वाटायचा. अडचण एकच होती. सरकार नसताना जायला हवं, आणि सरकार कधी नसतो हे कुणालाच माहीत नव्हतं.

मला माहीत होतं. रविवारी सकाळी आई आणि आत्या बाजारात जायच्या, आणि आत्या मोबाइल चार्जिंगला लावून जायची, कारण तिने बाजारात फोनकडे बघितलेलं आईला आवडायचं नाही.

मी मित्रांना काही सांगितलं नाही. आधी आत्यापाशी गेले. ती मागच्या ओट्यावर कपडे वाळत घालत होती. मी म्हणाले, "आत्या, काळी मांजर म्हणजे मी."

तिच्या हातात बाबांचा शर्ट होता. तो तिने झटकला, दोरीवर घातला, चिमटे लावले. मग विचारलं, "कधीपासून माहीत आहे तुला?"

"वाल सोलत होतीस तेव्हापासून."

"आणि तरी धान्य पाठवत राहिलीस?"

"मग काय करणार?"

तिला हसू आलं असावं, पण ते आलं तसं गेलं. मी म्हणाले, "आम्हाला काठाची एक जागा दे ना. एकच. सुरेखाला दे."

"एक दिली की सगळे मागतील."

"मग सगळ्यांना दे."

"बाकीचे चौघे ऐकतील का माझं?"

"तू सरकार आहेस ना?"

"म्हणून तर देता येत नाही," ती म्हणाली. "तुला वाटतं मी तिथे मनाला येईल ते करते. आम्ही पाच जणांनी मिळून ती जागा धरलीय, वृंदा. एकीने सोडली की उरलेले चौघे आधी तिलाच खातील. किती वर्षं लागली मला ती भिंत बांधायला. एसटीत उभं राहून बांधलीय मी ती."

मी म्हणाले, "आम्ही रविवारी येणार आहोत." हे मी का सांगितलं ते मला कळलेलं नाही. धमकी होती, की तिला सावध करणं होतं, की नुसतं तोंडातून निघून गेलं.

ती बादली उचलून आत जायला निघाली होती. दारात थांबली. "या," म्हणाली. "मी कुणाला सांगणार नाही. पण माझं मी राखणार, हेही सांगून ठेवते."

मी मित्रांना रविवार सकाळ सांगितली. कसं कळलं असं हितेशने विचारलं, मी म्हणाले, अंदाज आहे. शनिवारभर मला वाटत राहिलं की आत्या उद्या काहीतरी कारण काढून घरी थांबेल. पोटात दुखतंय म्हणेल. पण रविवारी आईने पिशव्या काढल्या तशी ती चपला घालून तयार. जाताना तिने मोबाइल चार्जिंगला लावला, ताटलीत नीट ठेवला, आणि माझ्याकडे न बघता बाहेर पडली.

बाबा ड्यूटीवर होते. घरात मी एकटी. ठरल्या वेळेला सगळी लहान गावं निघाली. नकाशावर बारीक बारीक रेघा नदीकडे सरकत होत्या आणि त्यांत एक माझी होती. सरकारच्या तटावर कुणी हललं नाही. पहिला दरवाजा पडला तेव्हा सुरेखाने लिहिलं, 'पोचलो गं.' तेवढ्यात फ्रिजवरची ताटली वाजायला लागली. एकदा, दोनदा, मग थांबेचना. मी जाऊन बघितलं. मोबाइलला हात लावला नाही, पण पडद्यावर ओळी चमकत होत्या. 'सरकार, कुठे आहात?' 'सरकार, चिंता नको, आम्ही निघालो.' 'सरकार, समशेर येतोय.' मला वाटलं वैरी पण आला, आता आत्याचं सगळं गेलं, आणि त्या क्षणी मला आनंद झाला नाही, हे मला स्पष्ट आठवतं. पण समशेर आला तो आमच्यावर. मागून. पाठोपाठ उरलेले तिघे. ज्या दोघांच्या वैराच्या गोष्टी ऐकून आम्ही कोण कुणाच्या बाजूने याच्या पैजा लावायचो, त्यांच्या फौजा एका तटाखाली उभ्या राहून आमची माणसं कापत होत्या. आई आणि आत्या बाजारातून यायच्या आत सगळं आटोपलं. सुरेखाचं गाव जळालं, हितेशचं जळालं. काळी मांजरला मात्र कुणी हात लावला नव्हता. फौज गेली होती, पण गाव जसंच्या तसं हिरवं उभं होतं.

आत्या आत आली, हातातल्या भाजीच्या पिशव्या खाली ठेवल्या, मोबाइल घेतला, बराच वेळ वाचत राहिली. मग एवढंच म्हणाली, "समशेर कशाला आला मध्ये." आईने विचारलं, "कोण गं?" आत्या म्हणाली, "कुणी नाही, वहिनी."

तिने फोन मुद्दाम घरी ठेवला होता का? तिला ते कोठार जाऊ द्यायचं होतं का? की तिला माहीतच होतं की उरलेले चौघे धावून येणार, आणि म्हणूनच ती निर्धास्त बाजारात गेली? आणि माझं गाव कुणी वाचवलं? मी तेव्हा विचारलं नाही. पुढे विचारायला सवड झाली तेव्हा ती म्हणाली, "वहिनींना बाजारात मोबाइल आवडत नाही ना गं." खरंच एवढंच असू शकतं. मी हे सगळं कितीदा तरी मांडून पाहिलं आहे, आणि दर वेळी वेगळंच निघतं.

सुरेखाने दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या कट्ट्यावर बसून मोबाइलमधून तो खेळ काढून टाकला. तिला राग आलेला दिसत नव्हता. म्हणाली, "तुझं गाव राहिलं, बरं झालं." मी तिला आत्याचं सांगणार होते, तोंड उघडलंही होतं, पण तिने डब्यातली अर्धी भाकरी माझ्या हातात ठेवली आणि भौतिकशास्त्राच्या सरांविषयी बोलायला लागली. हितेश आणखी काही दिवस चिकटून राहिला, मग तोही गेला. आणि मग एक गंमत, गंमत तरी कशी म्हणू, घडायला लागली. नकाशावरची गावं एकेक करून राखाडी होऊ लागली. राखाडी म्हणजे मालक येईनासा झाला. आधी कडेची, मग मधली. नवीन माणसं यायची, कवच संपेपर्यंत रमायची, आणि तो अर्ध्या धान्याचा निरोप मिळाला की परत फिरकायची नाहीत. नदीकाठी पाच मोठे किल्ले आणि भोवती सगळी राख.

एका संध्याकाळी आत्या माझ्याशेजारी येऊन बसली. टीव्ही चालू होता, बाबा बातम्या बघत होते. ती हळू आवाजात म्हणाली, "वृंदा, तुम्ही सगळे गेलात कुठे?"

तिला खरंच माहीत नव्हतं.

"तुझ्या त्या मैत्रिणीला सांग ना," ती म्हणाली. "काठाची जागा देते. दोन देते. बाकीचेही तयार आहेत आता."

मी सुरेखाला विचारलं. ती हसली. "आता कुणाशेजारी राहायचं तिथे?" म्हणाली. "आणि शेताला पाणी पाजायचंय मला, खऱ्या." हा निरोप मी आत्याला जसाच्या तसा दिला. तिने मान हलवली, जणू कार्यालयातला एखादा अर्ज परत आला.

थंडीत कंपनीने कळवलं की खेळणारे उरले नाहीत, म्हणून तो नकाशा बंद होतो आहे. शेवटच्या दिवशी आत्याने रजा टाकली होती. घरात सांगितलं, डोकं दुखतंय. दुपारी तिने मला बोलावून पडदा दाखवला. तिने तटाचे सगळे दरवाजे उघडे ठेवले होते आणि कोठारं भरलेली होती. ज्याला हवं त्याने न्यावं. तासभर आम्ही दोघी बघत बसलो. कुणी आलं नाही. मग पडदा पांढरा झाला आणि आत्याने चष्मा पुसला. ती रडत नव्हती. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं, आणि मला स्वतःचीच चीड आली, कारण तिच्यामुळेच तर सगळे निघून गेले होते.

त्यानंतरच्या रविवारी आईने उकडहंडीचा घाट घातला होता. वालपापडी, रताळी, कोनफळ, ओवा, सगळं मडक्यात घालून परसात विस्तवावर ठेवायचं. आत्या विळीवर कोनफळ चिरत होती, हात जांभळे झाले होते, म्हणून तिचा फोन वाजला तेव्हा आईने उचलला. "कोण सरकार?" आई म्हणाली. "नाही हो, इथे कुणी सरकारबिरकार नाही. राँग नंबर." आणि ठेवून दिला. फोन पुन्हा वाजला. मी आईच्या हातातून घेतला. पलीकडे एक पुरुष होता, उतारवयाचा, वलसाडकडचा असावा, गुजराती वळणाचं मराठी बोलत होता. म्हणाला, "सरकार हाय का? सांगा, समशेर बोलते."

मी म्हणाले, "आहेत. थांबा, देते."

आत्याने पदराला हात पुसले आणि फोन घेऊन ओट्यावर गेली. खिडकीतून मला तिची पाठ दिसत होती, ताठ. ती गुजरातीत बोलत होती, मोठ्याने, मधेच कुणाला तरी दटावावं तशी, आणि एकदा खळखळून हसली. आईने माझ्याकडे बघितलं. मालगाडी आली, ताटं थरथरली, आणि आत्या थांबली नाही, गाडीपेक्षा मोठ्याने बोलत राहिली.

परत आली तेव्हा आईने विचारलं, "कोण होतं?"

"ऑफिसातले," आत्या म्हणाली.

"हे कोनफळ जरा बारीक कर. मोठं राहिलं तर शिजत नाही."

आत्या विळीवर बसली आणि तिने चिरलेल्या फोडी पुन्हा एकेक करून बारीक केल्या.